वाचकांचे प्रश्न: उष्णतेनं भडकणारं दुखणं आणि रोजचं काम

गेल्या अंकात एरिथ्रोमेलाल्जिया या दुर्मीळ आजाराची ओळख करून दिली होती. उष्णता लागली की पाय, काहींचे हात, क्वचित कान-चेहरा लाल होतात, कातडी हाताला गरम लागते आणि निखाऱ्यावर ठेवल्यासारखी आग होते. गार केलं, पाय वर धरले की उतरतं. अमेरिकेतले मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी १८७८ साली या आजाराला हे नाव दिलं. ती ओळख वाचून आलेली बहुतेक पत्रं रोगापेक्षा कामाबद्दल आहेत. मार्च ते जून पारा चाळिशीच्या वर, डोक्यावर पत्रे, आणि घर त्याच कामावर चालतं. मग करायचं काय? त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. मज्जाविकार आणि कामगार-आरोग्य या क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न: प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर ऑपरेटर आहे, वय ३६. मागच्या वर्षी निदान झालं. आठ तासांची शिफ्ट उभ्यानं, सेफ्टी शूज सक्तीचे. तासाभरात दोन्ही पाय भडकतात. पाठीमागे मॅन कूलर, म्हणजे कारखान्यातला मोठा पंखा आहे, पण एप्रिल-मेमध्ये त्याच्यासमोर उभं राहिलं की पाय जास्तच पेटतात. सोबतचे म्हणतात, वाऱ्यानं कधी आग वाढते का?
— एक वाचक, वाळूज

उत्तर: वाढते. तुमचं निरीक्षण अचूक आहे. कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तेव्हाच कोरडा वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. शेडमध्ये ४० अंश असताना तोच पंखा गरम हवा अंगावर ओततो. सोबतच्यांना तरीही बरं वाटतं, कारण त्यांचा घाम वाळतो आणि वाळताना उष्णता ओढून घेतो. तुमचे पाय बंद बुटात आहेत. तिथे घाम साचतो, वाळत नाही. शिवाय या आजारात काहींच्या पायांना घामच कमी येतो. त्यामुळे हवा ३५ अंशांच्या वर गेली की कोरडा वारा पायांवर घ्यायचा नाही. घ्यायचा तर कातडी ओलसर करून घ्यायचा.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. तळपाय आणि तळहात ही शरीराची उष्णता बाहेर टाकायची ठिकाणं आहेत. अंग तापलं की तिथल्या रक्तवाहिन्या उघडतात, गरम रक्त पायांत उतरतं, आणि तुमच्या मज्जातंतूंना ती ऊबच आग म्हणून जाणवते. छाती-पाठ तापलेली ठेवून नुसते पाय गार केले तर रक्त येतच राहतं. म्हणून आधी अंग गार ठेवा, मग पाय. सुती बनियन पाण्यातून काढून घट्ट पिळून शर्टाखाली घाला, मानेभोवती ओला पंचा ठेवा, आणि वाळला की पुन्हा ओला करा. अंगावर असा ओलावा असेल तर मॅन कूलरचा वारा पाठीवर घ्यायला हरकत नाही, पायांवर मात्र येऊ देऊ नका. कापडातून पाणी ठिबकायला नको. मशीनच्या हीटर बँडजवळ आणि पॅनेलजवळ ओल्या हातानं जायचं नाही.

बहुतेक रुग्णांत कातडी ३२ ते ३६ अंशांच्या मध्ये कुठेतरी पोचली की भडका उठतो. तुमचा आकडा शोधून काढा. कोविडच्या काळातली तापमान मोजायची बंदूक घरात किंवा कंपनीच्या गेटवर पडून असेल. तिच्यात कपाळासाठी आणि पृष्ठभागासाठी अशा दोन पद्धती असतात. कपाळाची पद्धत आकडा वाढवून दाखवते, म्हणून पृष्ठभागाची निवडा. बूट-मोजा काढून, पायाच्या वरच्या बाजूला रोज त्याच जागी, तीन-पाच सेंटिमीटरवरून मोजा. शिफ्ट सुरू होताना, प्रत्येक सुट्टीत आणि भडका सुरू होताना. सोबत वेळ, शेडचं तापमान आणि किती मिनिटं उभे होतात ते लिहा. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं.

समजा आग ६० व्या मिनिटाला सुरू होते. मग बसायचं ४० व्या मिनिटाला. इथेच बहुतेक जण चुकतात: दुखेपर्यंत उभे राहतात. एकदा पेटलेला भडका उतरायला अर्धा-पाऊण तास, कधी कित्येक तास लागतात. पेटायच्या आधी घेतलेली पाच मिनिटं मात्र पुरतात. त्या पाच मिनिटांत बूट-मोजे काढा, बाकावर बसून पाय क्रेटवर कमरेच्या उंचीला ठेवा, घोट्यापासून पोटरीपर्यंत ओलसर कापड फिरवा, वाळू द्या, दुसरे कोरडे मोजे घाला. शिफ्टला मोज्यांचे तीन जोड लागतील. पातळ आणि घाम शोषून वाळणारे घ्या. जाड टॉवेलसारखे नकोत, नायलॉनचेही नकोत.

बूट. सेफ्टी शूज टाळायचे नाहीत, बदलायचे. बोटांवरची टणक टोपी, म्हणजे टो-कॅप, स्टीलऐवजी कंपोझिटची असलेले मागा. ते हलके असतात आणि धातूइतके तापत नाहीत. आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा शिक्का असलेले, वरचा भाग जाळीचा किंवा छिद्रांचा असलेले जोड मिळतात. मात्र तुमच्या विभागात गरम प्लास्टिक किंवा तेल पायावर पडण्याचा धोका असेल तर जाळी चालणार नाही, हे सेफ्टी ऑफिसरला विचारूनच ठरवा. माप संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्या. अर्धा नंबर मोठा लागतो. आणि बुटात बर्फाची किंवा जेलची पिशवी कधीही ठेवू नका. बधिर पायाला कातडी गोठल्याचं कळत नाही.

उरली मशीन. मोल्डिंगच्या बॅरलचं तापमान २०० अंशांच्या वर असतं आणि त्याची धग सरळ रेषेत अंगावर येते. एक पाऊल मागे सरकलात तरी फरक पडतो. तुम्ही आणि बॅरल यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, मागे दोन-तीन इंच हवा राहील असा उभा केला तर ती धग परत फिरते. त्याहून चांगला उपाय म्हणजे बॅरलवरचं इन्सुलेशन जॅकेट. मेंटेनन्सला हे पटवणं सोपं आहे, कारण त्यानं हीटरची वीजही वाचते. मालकापुढे आजाराआधी विजेचं बिल ठेवा, असं आम्ही मुद्दाम सुचवतो. तरीही कुणी ऐकलं नाही तर कायदा आहे: कामाच्या जागी हवा आणि तापमान नीट ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. आधी हे कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १३ मध्ये होतं; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० लागू आहे. पायाखाली काँक्रीटऐवजी रबरी चटई आणि एक पाय आलटून पालटून ठेवायला सहा इंचांचा पाट, एवढं तर स्टोअरमधूनच मिळावं.

प्रश्न: जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर वर्गात कसंबसं निभावते, पण रात्री बर्फाच्या पाण्याच्या टबात पाय ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. आधी दहा मिनिटं पुरायची, आता दोन-तीन तास बसते. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फाटली आहे. बर्फ सोडला तर झोपू कशी?
— एक वाचक, परभणी

उत्तर: ताई, या सगळ्या पत्रांत आम्हाला सर्वांत जास्त काळजी तुमच्या पत्राची वाटली. या आजारात बोटं आणि पाय गमावण्याचे जे प्रसंग नोंदले गेले आहेत, त्यांत बर्फ आणि तासन् तास पाण्यात ठेवलेले पाय हे मोठं कारण आहे. बर्फानं रक्तवाहिन्या आवळतात, बाहेर काढलं की पहिल्यापेक्षा जोरात उघडतात, मग भडका मोठा, मग आणखी बर्फ. दहा मिनिटांचे दोन तास असेच झाले. तोवर कातडी पाण्यानं फुगून मऊ झालेली असते, तिच्यात बुरशी आणि जंतू शिरतात, आणि बधिरपणामुळे जखम कळतही नाही.

आधी जखमेचं. फाटलेल्या जागेवरून लाली वर सरकत असेल, गार केल्यावरही ती कमी होत नसेल, पू, ताप किंवा जांघेत गाठ असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर टाकू नका. तसं नसलं तरी बेचक्यातल्या बुरशीचं औषध डॉक्टरांकडून घ्या, आणि जखम भरेपर्यंत पाय पाण्यात बुडवणं पूर्ण बंद.

बुडवणं आजपासून बंद म्हणजे गारवा बंद असं नाही. आजच्या रात्रीची सोय अशी: जखमा झाकून फक्त पोटऱ्यांवर आणि घोट्यांवर पिळलेलं सुती कापड ठेवा आणि त्यावर पंखा सोडा. मान आणि हातही ओल्या फडक्यानं पुसा. कापड दहा मिनिटांनी काढा, पाय वाळू द्या, गरज पडली तर पुन्हा. पहिल्या चार-पाच रात्री कठीण जातील. त्या काळासाठी रात्रीचं औषध डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या, म्हणजे अर्ध्या रात्री बर्फाकडे हात जाणार नाही.

जखम भरल्यावर पाणी वापरायचंच झालं तर माठातलं. पाझरणाऱ्या माठातलं पाणी आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पंचवीस अंशांच्या आसपास राहतं: भडका शमवायला पुरेसं गार आणि कातडीला सुरक्षित. फ्रिजचं पाणी नको. गच्चीवरच्या टाकीचं दुपारी चाळिशीला पोचलेलं असतं, तेही नको. एका वेळी १० मिनिटं, दिवसात तीन-चारदा, त्याहून जास्त नाही. नंतर बेचक्यात टिपून कोरडं करा, घासायचं नाही.

झोपायला बाज असेल तर उत्तम. खालून हवा लागते, गादीसारखी ऊब साठत नाही. पायथ्याच्या पायांखाली दोन-दोन विटा द्या. पाय वर केल्यावर दुखणं वाढत असेल तर मात्र थांबा आणि पायाच्या नाड्या तपासून घ्या, धमन्या अरुंद झाल्या असतील तर पाय वर ठेवणं उलट त्रासाचं ठरतं. स्लॅबची गच्ची रात्री बऱ्याच उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून गच्चीवर झोपायचं तर दिवस मावळताना पाणी मारा. काशाच्या वाटीनं तळपाय घासून घेण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळाला असेल. भडका असताना घासू नका, घर्षणानं ऊब वाढते. ऊब आणणारे बाम आणि मलमं, मिरचीपासून केलेली क्रीम, यांचंही तेच.

शाळेत उभ्यानं शिकवायचा आग्रह सोडा. खुर्ची, समोर दुसऱ्या खुर्चीवर पाय, आणि फळ्याचं काम तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत. सकाळच्या शाळेचे महिने त्यातल्या त्यात सोपे. घरोघरी फिरायच्या सर्वेक्षणाच्या कामाबद्दल खाली बसवाहकांना दिलेलं उत्तर वाचा, तो अर्ज तुम्हालाही लागू पडतो.

प्रश्न: घरीच शिलाईकाम करते. पत्र्याची खोली. मशीनचा पाय मारून आणि इस्त्री करून पाय आणि हात दोन्ही पेटतात. कूलर घ्यावा की एसी? लाइटही जाते आणि पाण्याची तर लातूरकरांना सवयच आहे.
— एक वाचक, लातूर

उत्तर: मार्च ते मेमध्ये कूलर, तोही हवा बाहेरून ओढणारा, खिडकीत बसवलेला. बाहेर ४२-४३ अंश आणि आर्द्रता १५ ते २० टक्के असेल तर चांगला कूलर २७ ते २९ अंशांची हवा देतो. अट एकच: समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत तासाभरात दमटपणा वाढतो आणि कूलर नुसता पंखा उरतो. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की त्याचा उपयोग जेमतेम दोन अंशांचा. तेव्हा साधा पंखा बरा, कारण हवाच तिशीच्या आत असते. ऑक्टोबरचे काही दिवस दोन्हीकडून अवघड जातात. एसी परवडत असेल तर २६-२७ वर ठेवा. २० च्या खोलीतून ४२ च्या उन्हात जाणं हेच काहींना भडक्याचं कारण ठरतं.

पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावाला दिवसभर कूलर चालवा असं सांगणं सोपं नाही. तासाला कित्येक लिटर पाणी जातं. टंचाईत अंगावरचं ओलं कापड हाच कूलर समजा, तेच काम दिवसाला लिटर-दोन लिटरमध्ये होतं. बोअरच्या जड पाण्यानं कूलरच्या पॅडवर क्षार बसून हवा अडते, म्हणून पंधरा दिवसांनी पॅड धुवा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. विजेसाठी: साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा तिशीच्या घरात. लहान इन्व्हर्टरवर तो दुपटीहून जास्त वेळ चालतो.

पत्र्याला बाहेरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, आतून बांबूच्या तट्ट्याचं छत, पत्रा आणि तट्ट्यामध्ये वीतभर अंतर, दोन्ही टोकं हवेसाठी उघडी. मशीनला मोटर बसवा. लटकते पाय तासन् तास हलवत राहणं हे स्वतंत्र कारण आहे, आणि मोटरचं पेडल आलटून पालटून दोन्ही पायांनी दाबता येतं. इस्त्री साठवून सकाळी सातच्या आत, खोलीबाहेर, उभ्यानं न करता उंच स्टुलावर बसून. वाफेची इस्त्री हात पेटणाऱ्यांनी टाळावी.

प्रश्न: माझी आई कापूस वेचायला जाते. तिच्या पायाची लई आग होती, तळवे लालभडक होतात. गावातले म्हणतात उष्णता वाढली, मेंदी लावा. शेतात बूट घालावं का अनवाणी जावं? आणि वेचणी किलोवर असते, बसलं की पैसे जातात.
— एक वाचक, मानवत तालुका

उत्तर: दादा, आधी एक खात्री करून घ्या. पायाची आग होणारे बहुतेक लोक या आजाराचे नसतात. मधुमेह, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, पायाची बुरशी ही कारणं कितीतरी जास्त आढळतात आणि त्यांच्यावर सरळ उपाय आहेत. या आजारात आग आणि लाली झटक्यानं येते, पाय हाताला गरम लागतो, गार केल्यावर उतरतो आणि मधल्या वेळात पाय अगदी साधा दिसतो. डॉक्टरांसमोर तो साधाच असणार, म्हणून भडका असताना मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही पायांचा, उजेडात. सावळ्या कातडीवर लाली तांबूस-काळपट दिसते. ती फोटोत नीट आली नाही तर तापमान मोजून लिहा. मेंदी लावायला हरकत नाही, पण ती पानांची असावी. बाजारातल्या काळ्या मेंदीत केसांच्या रंगातलं रसायन असतं, त्यानं कातडी भाजल्यासारखी होते.

अनवाणी नको. तापलेली काळी माती, पऱ्हाटीचे खुंट आणि साप तिन्ही खरे आहेत. गमबूटही नको. जाळीच्या वरच्या भागाचा हलका कापडी बूट आणि सुती मोजा घाला. वेचणी ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि ऑक्टोबरचं ऊन तिला सर्वांत कठीण जाईल. पहाटे उजाडताच सुरू करून दहाला थांबायचं, पुन्हा चारनंतर. डिसेंबर-जानेवारीत दिवसभर जमू शकतं. मात्र पहाटे दव असेल तर पाय ओले राहतात, म्हणून कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड ओटीत ठेवायचा.

किलोचा हिशेब असा: भडका उठला की पुढचा निम्मा दिवस जातो. तासाला एकदा बांधावर कडुलिंबाच्या सावलीत आडवं पडून पाय गाठोड्यावर ठेवले तर सात-आठ मिनिटं जातात, दिवस वाचतो. टोळीत तोलाईचं, गाठोडी बांधायचं काम असतं, ते दुपारी तिच्याकडे येईल का ते विचारा. फवारणीला तिला पाठवू नका. त्या कामाला गमबूट आणि अंगभर कपडे लागतातच, आणि ते काढून फवारणं हा दुसरा धोका.

घरची चूल विसरू नका. हात पेटत असतील तर ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यानं न मळता कोमट झाल्यावर मळा, भाकरी उलटायला बोटांऐवजी उलथणं, आणि भाकऱ्या सकाळी एकदाच. जास्त तिखट आणि दारू यांनी काहींचा भडका वाढतो. तिखटाचं तिच्या बाबतीत खरं आहे का हे आठवडाभर ठेचा बंद करून पाहा. फरक नसेल तर उगाच बंद ठेवू नका.

प्रश्न: ॲस्पिरिननं हा आजार बरा होतो असं ऐकलं. मी मेडिकलमधून आणून रोज एक घेतो. चालेल का? ब्लड प्रेशरची गोळीही चालू आहे.
— एक वाचक, बीड

उत्तर: तपासणीआधी नाही. ॲस्पिरिन काहींना खरोखर एक-दोन दिवसांत आराम देतं, आणि तो आरामच एक खूण असते: अशा रुग्णांत बऱ्याचदा रक्तपेशी जास्त बनवणारा अस्थिमज्जेचा आजार सापडतो, म्हणजे पॉलिसायथेमिया व्हेरा किंवा इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया. पायाचं दुखणं त्या आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं, कधी निदानाच्या कित्येक वर्षं आधी. म्हणून पहिली तपासणी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर किंवा हिमोग्लोबिन जास्त आलं तर रक्तविकारतज्ज्ञाकडे जा आणि जेएके-२ या जनुकाची तपासणी करा. सीबीसी ठीक आली तरी दर वर्षी परत करा. सोबत एचबीए-१-सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, थायरॉइड. नसांची नेहमीची विद्युत तपासणी, एनसीव्ही, बारीक तंतूंचं नुकसान पकडतच नाही. ती नॉर्मल आली म्हणून दुखणं मनाचं आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका.

पोटात अल्सर, दमा, रक्त पातळ करणारी दुसरी गोळी असेल तर ॲस्पिरिन धोक्याचं. पावसाळ्यात ताप आला तर ते लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि रक्तस्रावाची भीती वाढते. सोळा वर्षांखालच्या मुलांना ते स्वतःहून देऊ नका. बीपीच्या गोळीचं नाव बघा. निफेडिपिनसारख्या काही कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गोळ्या रक्तवाहिन्या रुंदावून हा त्रास सुरू करतात किंवा वाढवतात. गोळी स्वतः बंद करू नका, पर्याय मागा.

या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या बाकीच्या औषधांबद्दल कष्टकऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही ते हे: ॲमिट्रिप्टिलिननं घाम कमी येतो. ४४ अंशांत काम करणाऱ्याला त्यानं उष्माघात होऊ शकतो, तेव्हा मार्चच्या आत डोसबद्दल पुन्हा विचारा. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिननं गुंगी येते. पहिला आठवडा मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी यंत्र यांपासून लांब राहा. बधिर करणाऱ्या लिडोकेनची पट्टी फक्त अखंड कातडीवर, १२ तास लावायची, १२ तास काढायची.

प्रश्न: एसटीत वाहक आहे. दुपारच्या फेरीत पाय भडकले की उभं राहवत नाही. ड्युटी बदलून मागायची आहे, पण आजाराचं नाव सांगितलं तर कुणाला कळत नाही. अर्ज कसा करावा?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर: नावानं नाही, मर्यादेनं अर्ज करा. डॉक्टरांच्या पत्रात निदानाची एक ओळ आणि खाली चार वाक्यं असावीत: ३५ अंशांवरच्या तापमानात सलग किती मिनिटं उभं राहता येतं, किती वेळानं पाय वर घेऊन किती मिनिटं बसावं लागतं, इंजिनजवळच्या तापलेल्या जागेचा परिणाम काय, आणि मर्यादा कायमची की मार्च ते जूनपुरती. तुमची दोन आठवड्यांची नोंदवही आणि फोटो सोबत जोडा. मग नेमकी मागणी लिहा, एक नव्हे तीन, पसंतीच्या क्रमानं: पहाटेची किंवा रात्रीची फेरी, नाहीतर आरक्षण किंवा चौकशी खिडकी, नाहीतर उन्हाळ्यापुरतं कार्यालयीन काम. अधिकाऱ्याला होकार देणं सोपं जाईल असा अर्ज बहुधा पुढे सरकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत या आजाराचं नाव नाही, पण दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार हा प्रकार आहे. प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि ४० टक्क्यांच्या आत आली तर आरक्षणासारखे लाभ मिळत नाहीत. तरीही कलम २० महत्त्वाचं: सरकारी आस्थापनेनं दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या आहेत, आणि नोकरीत असताना आलेल्या दिव्यांगत्वामुळे कुणाला कामावरून काढता किंवा पदावरून उतरवता येत नाही. आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असतो. त्यानंतर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रश्न: मला लहानपणापासून आहे, वडिलांना आणि आत्यालाही. पुढे मुलांना होईल का? लग्न ठरतंय.
— एक वाचक, नांदेड

उत्तर: घराण्यात असा दिसणारा प्रकार बहुधा एससीएन-९-ए या जनुकातल्या बदलामुळे असतो; हे २००४ साली सापडलं. त्या जनुकापासून बनणारी सोडियमची वाहिनी फार लवकर उघडते आणि दुखण्याच्या तंतूंतून थोड्या उबेलाही संदेश सुटतो. बदल असलेल्या पालकाकडून प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. स्पर्शानं, संसर्गानं हा आजार होत नाही, हे सासरी स्पष्ट सांगा. रक्ताची जनुकीय तपासणी करता येते, आणि ती लग्नाखेरीज औषधासाठीही कामाची आहे: यातल्या काही ठरावीक बदलांना कार्बामॅझेपिन किंवा मेक्सिलेटिन चांगलं लागू पडतं, म्हणून अहवालात बदलाचं पूर्ण नाव लिहून घ्या. मेक्सिलेटिनआधी ईसीजी हवा, आणि कार्बामॅझेपिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.